फळाची बिअर, ओकचं पिंप आणि काही हट्टी गैरसमज

बंगळुरूचं शिवाजीनगर हा जुन्या छावणीचा भाग. १८०९ मध्ये इंग्रजांनी बंगळुरूत लष्करी छावणी वसवली आणि गोऱ्या सैन्याच्या मागोमाग बिअरही आली. पुढे १९१५ मध्ये थॉमस लीशमन या स्कॉटिश उद्योजकाने दक्षिणेतले पाच बिअर कारखाने एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज उभी केली. तेव्हापासून या शहराचं बिअरशी नातं जुळलं ते आजतागायत. २०१० मध्ये इंदिरानगरात ‘टॉइट’ आणि २०१२ मध्ये मॅग्राथ रोडवर ‘आर्बर’ या मायक्रोब्रुअरी सुरू झाल्या आणि जागेवरच बनवलेली ताजी बिअर लोकांच्या ओळखीची झाली. आपल्या पुण्यात ‘दूलाली’ने ही वाट २००९ मध्येच धरली होती.

बेल्जियन धर्तीची, फळं घालून ओकच्या पिंपात मुरवलेली एल हा बिअरच्या दुनियेतला सगळ्यात चुकीचा समजला गेलेला प्रकार. पहिला घोट घेतला की बरेच जण तोंड वेडंवाकडं करतात आणि ग्लास बाजूला सारतात. दोष बहुतेक वेळा बिअरचा नसतो. आपण एका चवीची वाट पाहत असतो आणि समोर भलतीच येते. त्या अपेक्षा आधी दुरुस्त केल्या, तर हीच बिअर किती बारकाव्यांची आहे ते उलगडत जातं.

गैरसमज १ : फ्रूट बिअर म्हणजे दुकानात मिळणारं ते बिनदारूचं पेय.

वस्तुस्थिती : आपल्याकडे ‘फ्रूट बिअर’ या नावाने विकलं जाणारं गोड, रंगीत पेय म्हणजे साखर, स्वाद आणि वायू भरलेलं शीतपेय. फळाची एल ही खरीखुरी बिअर आहे. जवाचा मॉल्ट, बऱ्याचदा गहू, हॉप्स, यीस्ट आणि त्यात फळ. तिच्यात साधारण साडेतीन ते आठ टक्के अल्कोहोल असतं. नाव ऐकून कुणी ती मुलांसमोर ठेवू नये, म्हणून हा गैरसमज सर्वांत आधी दूर व्हायला हवा.

गैरसमज २ : फळ घातलं म्हणजे बिअर गोडच लागणार.

वस्तुस्थिती : फळातली साखर हे यीस्टचं खाद्य. पिंपात चेरी किंवा जांभळं पडली की किण्वन नव्याने सुरू होतं आणि काही आठवड्यांत साखर जवळजवळ संपते. मागे उरतो तो फळाचा वास, रंग, आम्ल आणि सालीचा तुरटपणा. गोडवा गेलेला असतो.

ब्रुसेल्सच्या अँडरलेख्ट भागात १९०० मध्ये सुरू झालेली ‘काँतियों’ ब्रुअरी आंबट चेरी घालून जी ‘क्रीक’ बनवते, ती अगदी कोरडी आणि खणखणीत आंबट असते. याउलट ‘लिंडेमान्स’ची क्रीक गोड लागते, कारण तिच्यात रस घालून गोडवा राखलेला असतो आणि अल्कोहोलही साडेतीन टक्क्यांच्या आसपासच असतं. दोन्ही बेल्जियमच्याच, दोन्ही चेरीच्याच. बाटलीवर ‘औड क्रीक’ असं लिहिलं असेल तर ती पारंपरिक पद्धतीची, कोरडी समजावी; या नावाला युरोपीय संघात कायद्याचं संरक्षण आहे.

गैरसमज ३ : आंबट लागली म्हणजे बिअर नासली.

वस्तुस्थिती : हा सगळ्यात खोलवर रुजलेला गैरसमज. इडलीचं पीठ रात्रभर ठेवल्यावर ज्या जातीच्या जिवाणूंमुळे आंबतं, त्यांचेच भाऊबंद या बिअरमध्ये लॅक्टिक आम्ल तयार करतात. पीठ आंबलं म्हणून आपण ते फेकत नाही. उलट आंबण्याची वाट पाहतो.

ब्रुसेल्सच्या परिसरात लॅम्बिक ही आंबट बिअर बनवणारे उकळलेला अर्क थंडीच्या दिवसांत उथळ, मोठ्या पात्रात रात्रभर उघडा ठेवतात. हवेतले आणि लाकडातले सूक्ष्मजीव त्यात शिरतात आणि पुढची वर्ष-दोन वर्षं एकामागून एक आपलं काम करत राहतात. त्यांतलं एक यीस्ट म्हणजे ब्रेटानोमायसिस. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या क्लॉसेन यांनी त्याची नोंद केली, तीही मुरवलेल्या इंग्लिश बिअरचा अभ्यास करताना. या यीस्टमुळे जुन्या चामड्याचा, गवताच्या गंजीचा, कधी घोड्याच्या खोगिराचा म्हणावा असा वास येतो. बाकी बिअरमध्ये हा वास दोष ठरतो. इथे तो हवासा असतो.

मग बिघडलेली बिअर ओळखायची कशी? नेलपॉलिशसारखा झणझणीत वास, घशाला ओरबाडणारा व्हिनेगरचा आंबटपणा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ब्रुअरचं काहीतरी चुकलं आहे. चांगला आंबटपणा तोंडाला पाणी आणतो आणि पुढच्या घोटाकडे नेतो. वाईट आंबटपणा घशाशीच अडतो.

गैरसमज ४ : पिंपात मुरवली म्हणजे व्हिस्कीसारखी लागणार आणि जास्त चढणार.

वस्तुस्थिती : पिंपं दोन कामांसाठी वापरतात आणि ही दोन्ही कामं अगदी वेगळी आहेत.

पहिलं काम चव देण्याचं. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीसाठी आतून जाळलेलं नवंच ओकचं पिंप वापरावं लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं जगभर विकली जातात. अशा पिंपातून व्हॅनिला, नारळ, भाजलेल्या लाकडाची चव उतरते. लाकडात मुरलेली थोडी व्हिस्कीही बिअरमध्ये येते आणि अल्कोहोल किंचित वाढतं.

दुसरं काम श्वास घेऊ देण्याचं. बेल्जियन पद्धतीत बहुधा हेच अपेक्षित असतं. पिंप अनेकदा वापरून चवीने रितं झालेलं असतं. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून अगदी थोडा प्राणवायू आत झिरपतो आणि फळ्यांत वस्तीला असलेले सूक्ष्मजीव पुढच्या बिअरलाही कामी येतात. वेस्ट फ्लँडर्समधल्या रूसेलारे गावात १८२१ पासून चालत आलेल्या ‘रोडेनबाख’ ब्रुअरीत छताला भिडणारी ओकची सुमारे तीनशे अजस्र पिंपं आहेत. त्यांत दोन वर्षं मुरलेली बिअर ताज्या बिअरमध्ये मिसळून हवी ती चव जमवतात. तिथल्या ‘अलेक्झांडर’ या बिअरमध्ये आंबट चेरी असतात. तिच्यात व्हिस्की शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

फळामुळे बिअर कडक होते, हेही खरं नाही. बारा टक्के साखरेचा रस पूर्ण आंबला तरी त्याचं अल्कोहोल साधारण साडेसहा-सात टक्केच होतं. म्हणजे सहा-सात टक्क्यांच्या बिअरमध्ये तो मिसळला तर हिशेब जवळपास जिथल्या तिथेच राहतो.

गैरसमज ५ : जितकी जुनी तितकी चांगली.

वस्तुस्थिती : आंबटपणा आणि ब्रेटानोमायसिसची चव काळाबरोबर वाढते, फळाचा ताजा सुगंध मात्र ओसरतो. चेरीच्या बाबतीत गंमत म्हणजे बियांमधून हळूहळू बदामाचा वास उतरतो, म्हणून पारंपरिक ब्रुअर बिया काढत नाहीत. पण आंब्याचा गंध नाजूक. वाट पाहण्यात तो हातचा जातो.

शिवाय हवामान पाहावं लागतं. बंगळुरूच्या ‘अमृत’ डिस्टिलरीत व्हिस्कीच्या पिंपांतून वर्षाला दहा ते बारा टक्के द्रव उडून जातो. स्कॉटलंडमध्ये हेच प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास. इथल्या उबेत लाकूड आणि हवा दोन्ही भरभर काम करतात. म्हणून बिअरची पिंपं थंड खोलीत ठेवावी लागतात आणि बेल्जियमचं वेळापत्रक जसंच्या तसं इथे चालत नाही.

गैरसमज ६ : केळ्याचा वास आला म्हणजे केळं घातलंय.

वस्तुस्थिती : केळं आणि लवंग यांचे वास बहुतेक वेळा यीस्टच तयार करतं, तसल्या गव्हाच्या बिअरमध्ये ना केळं असतं ना लवंग. संत्र्याची साल आणि धणे मात्र बेल्जियन विटबिअरमध्ये खरोखर घालतात. ‘टॉइट’ची ‘टिनटिन’ त्याच घराण्यातली. तेव्हा ‘बेल्जियन धर्तीची’ याचा अर्थ बेल्जियमहून आयात केलेली असा नाही. यीस्ट, कृती आणि मुरवण्याची रीत तिथली. पाणी, फळ आणि हात इथले.

गैरसमज ७ : बर्फगार करून, मोठ्या मगमध्ये, घटाघटा प्यावी.

वस्तुस्थिती : अति थंड बिअरला वासच उरत नाही आणि या बिअरचा निम्म्याहून अधिक आनंद वासात असतो. आठ ते बारा अंश सेल्सियस हे योग्य तापमान. ग्लास तोंडाशी निमुळता हवा आणि अर्ध्याहून कमी भरलेला. आंबट चव जिभेच्या कडांनाच कळते, हा शाळेत शिकवलेला नकाशाही चुकीचा आहे. पाचही चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

गैरसमज ८ : फळ आहे, म्हणजे तब्येतीला बरी.

वस्तुस्थिती : फळामुळे अल्कोहोलचे परिणाम कमी होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवलं आहे. त्यामुळे प्यायचीच असेल तर थोडी, चवीपुरती आणि गाडीची किल्ली घरी ठेवून. गरोदर स्त्रिया आणि कायद्याने ठरवलेल्या वयाखालची मुलं यांनी तर नकोच.

चाखायची कशी?

फळाची चव शिकायला शिवाजीनगरसारखी जागा नाही. १९२७ मध्ये उभारलेल्या रसेल मार्केटमध्ये एक फेरी मारा. जूनमध्ये जांभळं घ्या, बादामी आंबा घ्या (आपल्या हापूसचं कर्नाटकातलं नाव), आणि मिळाली तर ‘बंगळूर ब्लू’ द्राक्षं. बंगळुरू ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर, कोलार भागात पिकणाऱ्या या काळ्या-निळ्या द्राक्षांना २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दाणा चिमटला की साल सहज सुटते आणि एक उग्र, कस्तुरीसारखा दरवळ नाकात शिरतो. जांभूळ चावलं की आधी गोड, मग आंबट, शेवटी जीभ आखडून टाकणारा तुरटपणा. या तीन पायऱ्या नीट ध्यानात ठेवा.

मग जांभळाच्या एलचा ग्लास समोर घ्या. आधी उजेडासमोर धरा. आम्लामुळे जांभळा रंग लालसर झालेला दिसेल, फेसही गुलाबी. ग्लास हलवून वास घ्या. पहिला घोट छोटा घ्या आणि त्यावर मत बनवू नका. तो फक्त जिभेला आंबटपणाची सवय लावण्यासाठी. दुसऱ्या घोटाला नाक चिमटीत धरा. आंबट आणि तुरट तेवढं कळेल. आता नाक सोडा. फळ, लाकूड, यीस्ट सगळं एकदम दाटून येईल. पायऱ्या मोजा : गोडवा गायब आहे, आंबटपणा जागेवर आहे, तुरटपणा सालीचा आहे की ओकचा?

मायक्रोब्रुअरीत बसला असाल तर ब्रुअरला तीन प्रश्न जरूर विचारा. अख्खं फळ घातलं की तयार गर? पिंपात आधी काय होतं? फळ घातल्यानंतर किती दिवस मुरली? आपल्या कामावर जीव असलेला ब्रुअर या प्रश्नांनी खूश होतो आणि भरभरून बोलतो. त्याचं ऐकून पुन्हा एक घोट घ्या. त्यानंतरही आवडली नाही तर खुशाल नाही म्हणा. तो नकार आता चव कळून दिलेला असेल, आणि चांगल्या ब्रुअरला असंच गिऱ्हाईक हवं असतं.