एअरबॅगचा लाल दिवा

गिअरच्या पुढ्यात, मधल्या कन्सोलच्या आत, तळहातावर मावेल एवढी चपटी डबी गाडीच्या पत्र्याला बोल्टने घट्ट आवळलेली असते. हे एअरबॅग कंट्रोल युनिट. गॅरेजमध्ये त्याला एअरबॅगचा ईसीयू किंवा नुसते मॉड्यूल म्हणतात. डबीवर सहसा एक बाण छापलेला असतो आणि त्याचे टोक गाडीच्या नाकाकडे ठेवावे लागते. वेग किती झपाट्याने घटला हे मोजणारा सेन्सर आत असतो. डबी उलटी किंवा सैल बसली, तर त्या मापनावर भरवसा ठेवता येत नाही.

समोरून जोराची धडक बसली की युनिट पुढच्या भागातल्या सेन्सरांची माहिती स्वतःच्या सेन्सरशी ताडून पाहते आणि साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत निर्णय घेते. मग एअरबॅगमागच्या बारीक प्रज्वलकाकडे, म्हणजे स्क्विबकडे, क्षणभर सव्वा अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो, रसायन पेटते आणि पिशवी वायूने फुगते. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. धडकेत बॅटरीच तुटली तरी काम अडू नये म्हणून युनिटमध्ये कपॅसिटर असतात. बॅटरी काढल्यावरही त्यांत काही वेळ वीज शिल्लक राहते, आणि दुरुस्ती करणाऱ्याने सर्वांत आधी लक्षात ठेवायचे ते हेच.

बहुतेक गाड्यांच्या आयुष्यात अशी धडक कधीच येत नाही. एरवी युनिट स्वतःची आणि आपल्या तारांची तपासणी करत राहते. प्रत्येक स्क्विबचा रोध सुमारे २ ओहम असतो. तो फार वाढला किंवा कमी झाला की युनिट दोषाचा कोड साठवते आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा पेटवते. बहुसंख्य गाड्यांत असा दोष आढळला की काही किंवा सगळ्याच एअरबॅग उघडण्याची खात्री उरत नाही. म्हणून ‘गाडी चालतेय ना, मग दिवा राहू दे’ म्हणणे जिवावरचा जुगार आहे.

भारतात चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून बंधनकारक झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग २०२१ मध्ये, आधी नव्या मॉडेलांना आणि वर्षअखेरीपासून जुन्यांनाही सक्तीची झाली. त्यामुळे हे युनिट आता सर्वांत स्वस्त गाडीतही असते आणि त्याचे दुखणे कुणाच्याही वाट्याला येऊ शकते.

दिवा पेटला म्हणजे युनिटच गेले असे मुळीच नाही. दोष बहुधा तारांत किंवा त्या जोडणाऱ्या कपलरमध्ये सापडतो. सीटखालचा पिवळा कपलर सीट मागेपुढे सरकवताना ढिला होतो. स्टिअरिंगमागची गुंडाळलेली पट्टी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, तुटली तर एअरबॅगच्या दिव्याबरोबर हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणेही बंद पडू शकतात. ही जोडी दिसली की अनुभवी मेकॅनिक स्कॅनर लावण्याआधीच तिकडे पाहतो. पार्किंगमधले उंदीर तारा कुरतडतात, ते निराळेच.

दिल्लीसारख्या शहरात या कारणांत पावसाच्या पाण्याचीही भर पडते. २८ जून २०२४ ला सफदरजंग वेधशाळेत २४ तासांत २२८.१ मिमी पाऊस नोंदला गेला आणि शहरातले भुयारी रस्ते बुडाले. अशा पाण्यातून निघालेली गाडी वरून कोरडी दिसते, पण कार्पेटखालचा फोम कित्येक दिवस ओला राहतो. युनिट जमिनीलगतच असल्याने त्याच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. दिवा तेव्हा पेटत नाही, दोन-तीन महिन्यांनी पेटतो, आणि मालकाला तोवर पावसाची आठवणही राहिलेली नसते.

निदानासाठी एअरबॅगच्या यंत्रणेपर्यंत पोहोचणारा स्कॅनर लागतो. बाजारातली स्वस्त उपकरणे अनेकदा फक्त इंजिनाचे कोड वाचतात. कोड आताचा आहे की जुना नोंदलेला, हे आधी पाहायचे. यू-०१५१ सारखा कोड सांगतो की गाडीतल्या इतर युनिटांशी याचा संपर्कच तुटला आहे. मग वीजपुरवठा, फ्यूज, अर्थिंग आणि डेटाच्या तारा तपासायच्या, नवे युनिट मागवायची घाई करायची नाही. हात घालण्यापूर्वी इग्निशन बंद करायचे, बॅटरीची ऋण तार काढायची आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबायचे. हा वेळ सहसा एक ते तीन मिनिटे असतो, काही गाड्यांत जास्त. एअरबॅगच्या टोकांना मल्टिमीटर कधीच लावायचा नाही, कारण मीटरच्या प्रवाहानेही ती उडण्याचा धोका असतो. तिच्या जागी तेवढ्याच रोधाचा तपासणी-जोड लावून दोष तारेत आहे की एअरबॅगमध्ये, हे ठरवतात.

युनिटच सदोष निघाल्याचे मोठे उदाहरण दिल्ली परिसरातल्याच कंपनीचे आहे. गुरुग्राम आणि मानेसरला कारखाने असलेल्या मारुती सुझुकीने १८ जानेवारी २०२३ ला १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात बनलेल्या अल्टो के-१०, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो आणि ग्रँड विटारा या त्या गाड्या. धडकेत एअरबॅग आणि सीटबेल्ट आवळणारे प्रिटेन्शनर न चालण्याची शक्यता होती. भाग मोफत बदलून दिला गेला आणि तोवर गाडी चालवू नये, असे मालकांना सांगण्यात आले.

अपघातात एअरबॅग उघडली की युनिटच्या मेमरीत ‘क्रॅश डेटा’ कायमचा नोंदला जातो आणि साध्या स्कॅनरने तो पुसता येत नाही. उत्पादक युनिट बदलायला सांगतात. काही स्वतंत्र दुरुस्ती करणारे मेमरीची चिप प्रोग्रॅमरने वाचून मूळ नोंद परत लिहितात. चिपवरची नोंद गेली तरी धडकेत आतल्या सेन्सरला आणि सोल्डरला काय झाले, हे त्यातून कळत नाही. त्यामुळे मोठ्या धडकेनंतर नवे युनिट घेणेच रास्त.

नोंद पुसण्याहून वाईट प्रकार म्हणजे एअरबॅगच्या जागी दोन-तीन रुपयांचा रेझिस्टर जोडून दिवा विझवणे. युनिटला २ ओहम दिसतात, ते समाधानी होते आणि स्टिअरिंगच्या मध्यावर रिकामे झाकण उरते. बनावट मालाचा धोकाही आहेच. मे २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी माता सुंदरी रोड भागात ९०० हून अधिक बनावट एअरबॅग पकडल्या आणि त्यांवर नामांकित कंपन्यांची नावे होती.

दिल्ली परिसरात जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्या वापरण्यावर निर्बंध असल्याने अशा गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत विकल्या जातात, महाराष्ट्रातही. ‘दिल्लीची गाडी, स्वस्तात मिळाली’ म्हणणाऱ्याने इग्निशन चालू करून एअरबॅगचा दिवा पाहावा. तो पेटायला हवा आणि साधारण सहा सेकंदांनी विझायला हवा. पेटलाच नाही, तर त्याची तार कापलेली किंवा दुसऱ्या दिव्याला जोडलेली असू शकते. सीट कव्हरही पाहावे. सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल आणि त्यावर जाड कव्हर ताणून बसवलेले असेल, तर ती नीट उघडणार नाही.

युनिट बदलल्यावर काम तिथेच थांबत नाही. नव्या डबीत गाडीचे मॉडेल आणि एअरबॅगची संख्या स्कॅनरने नोंदवावी लागते. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळतात आणि त्यांखालचा गंज व रंग आधी घासून काढतात, कारण बऱ्याच गाड्यांत त्याच बोल्टांतून युनिटला अर्थिंग मिळते. बाण पुढे, पिवळे कपलर कुलूप लागल्याचा आवाज येईपर्यंत दाबलेले, मग बॅटरी. इग्निशन चालू करताना गाडीत कुणी बसत नाही आणि किल्ली खिडकीतून हात घालून फिरवतात. दिवा विझला की थोडी गाडी चालवून पुन्हा स्कॅन करतात, कारण ढिला कपलर पहिला खड्डा आल्यावरच दगा देतो.