बर्फावरचे शिबिर, तयारी मात्र कर्नाळ्याच्या उतारावर
महिलांच्या स्कीइंग शिबिराचे नियोजन करताना खेळ, विश्रांती आणि मनोरंजनाला जागा का हवी?

जिते (ता. पेण) : पनवेलहून रोह्याकडे जाताना आपटा मागे पडले की जिते हे लहानसे स्थानक लागते. पुढे हमरापूर आणि पेण. भोवती भातखाचरे आणि कोकणची दमट हवा. येथून गुलमर्गचा बर्फाळ उतार दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर आणि सुमारे २,६५० मीटर उंचावर आहे. तरीही पनवेल, पेण, अलिबाग परिसरातून दर हिवाळ्यात काश्मीर आणि हिमाचलाकडे जाणाऱ्या पर्यटकांत महिलांचे गट दिसतात. केवळ बर्फ पाहून, छायाचित्रे काढून परतण्याऐवजी चार-सहा दिवस राहून स्कीइंग शिकावे, अशी इच्छा त्यांतील अनेकींना असते. अशा गटासाठी शिबिर आखताना प्रशिक्षक, साहित्य आणि निवास यांची व्यवस्था होते. पण शिकण्याच्या तासांबाहेर काय करायचे, याचा विचार बहुधा शेवटी होतो. वास्तविक शिबिराचे यशापयश बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते.

स्वतंत्र शिबिर कशासाठी?

केवळ महिलांसाठी स्कीइंगचे वर्ग ही कल्पना पाश्चात्त्य देशांत १९७० च्या दशकात रुजली. पती किंवा मित्राच्या आग्रहाखातर उतारावर आलेली स्त्री त्याच्या वेगाने शिकू पाहते, घाबरते, पडते आणि पुन्हा स्कीला हात लावत नाही, हा अनुभव त्यामागे होता. स्पर्धांच्या जगातही महिलांना टप्प्याटप्प्यानेच प्रवेश मिळाला. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये महिलांचे अल्पाइन स्कीइंग १९३६ मध्ये आले; स्की जंपिंगसाठी मात्र त्यांना २०१४ पर्यंत थांबावे लागले.

भारतीय महिलांची वाटचालही अशीच संथ, पण ठाम आहे. १९८८ च्या कॅलगरी ऑलिम्पिकमध्ये शैलजा कुमार स्लॅलम प्रकारात उतरल्या. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सहभागी झालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. मनालीजवळच्या आंचल ठाकूर यांनी २०१८ मध्ये तुर्कस्तानातील स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधील भारताचे ते पहिले पदक होते. महाराष्ट्रात बर्फाचे उतार नाहीत, तथापि बर्फाशी मराठी मुलींचे नाते नवे नाही. पुण्याच्या कृष्णा पाटील यांनी २००९ मध्ये एव्हरेस्ट सर केले, तर साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०२२ मध्ये कांचनजंगा गाठून आठ हजार मीटरहून उंच पाच शिखरांचा टप्पा पूर्ण केला. दोघींच्याही पायांना पहिली सवय सह्याद्रीतील चढ-उतारांचीच होती.

तयारी घराजवळच

शिबिराचा पहिला आनंददायी उपक्रम बर्फावर पोहोचण्यापूर्वीच, किमान दोन महिने आधी सुरू व्हायला हवा. स्कीइंगमध्ये मांड्यांचे स्नायू सतत ताणलेल्या अवस्थेत शरीराचा भार पेलतात. डोंगर चढताना नव्हे, तर उतरताना स्नायूंवर असाच ताण येतो. त्यामुळे जिते परिसरातील गटासाठी कर्नाळा हे सोयीचे मैदान ठरते. १९६८ मध्ये घोषित झालेले कर्नाळा पक्षी अभयारण्य मुंबई-गोवा महामार्गालगतच आहे. आठवड्यातून एकदा सकाळी गडाची वाट चढावी आणि उतरताना घाई न करता, गुडघे किंचित वाकवून, लहान पावले टाकत यावे. सोबत पक्षीनिरीक्षण झाले तर व्यायामाचे ओझे वाटत नाही. घरच्या घरी भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखे काही सेकंद थांबणे, एका पायावर तोल सांभाळणे, जिना चढणे-उतरणे हेही उपयुक्त. गुडघेदुखी, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

गटातील महिलांची ओळख व्हावी म्हणून निघण्यापूर्वी एक संध्याकाळ एकत्र घालवावी. रायगडात थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा भरात आल्या की शेतावर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, बटाटे किंवा कोंबडी भरून, पाणी न घालता, भोवती जाळ करून ती शिजवली जाते. स्कीइंगचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्च हाच असल्याने वेळ नेमकी जुळते. पोपटी शिजेपर्यंत कोणाला कशाची भीती वाटते, कोणाला काय शिकायचे आहे, हे मोकळेपणाने बोलून घेता येते. अनोळखी प्रशिक्षकासमोर जे सांगणे अवघड जाते, ते शेकोटीभोवती सहज सांगितले जाते. आयोजकांनी या गोष्टींची नोंद ठेवली तर पुढील तुकड्या पाडणे सोपे होते.

तुकड्या वयाने नव्हे, सवयीने

पंचवीस वर्षांची नवखी तरुणी आणि पन्नाशीतील नियमित गिर्यारोहक यांत दुसरीची प्रगती अधिक वेगाने होऊ शकते. त्यामुळे वयाऐवजी अनुभव आणि आत्मविश्वास पाहून लहान तुकड्या कराव्यात. पहिला दिवस शिकण्याचा नसावा. अडीच हजार मीटरहून अधिक उंचीवर विरळ हवेमुळे डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश असा त्रास संभवतो. समुद्रकाठच्या प्रदेशातून विमानाने थेट पोहोचणाऱ्यांना तो जाणवण्याची शक्यता अधिक. तो दिवस सावकाश फेरफटका, भरपूर पाणी आणि साहित्याची ओळख यांसाठी राखावा.

साहित्याची ओळख हाच एक रंजक उपक्रम होऊ शकतो. स्कीच्या बुटांचे माप पावलाच्या सेंटिमीटरमधील लांबीवर ठरते. महिलांची पोटरी तुलनेने खाली सुरू होत असल्याने त्यांच्या बुटांचा वरचा भाग कमी उंचीचा असतो. भाड्याने घेताना तशी मागणी करावी. दोन मोज्यांऐवजी एकच लोकरी मोजा घालावा, अन्यथा घड्या पडून पाय सोलवटतात. अंगालगत सुती कपडे टाळावेत, कारण ते घामाने ओले झाले की गारठा वाढतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाइंडिंग. पडताना बूट स्कीपासून सुटावा, यासाठीची ही कळ वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून बसवली जाते. संकोचापोटी वजन किंवा वय चुकीचे सांगितल्यास ती वेळेवर सुटत नाही. गुडघ्यातील क्रूसिएट लिगामेंटला इजा होण्याचा धोका स्कीइंगमध्ये पुरुषांपेक्षा महिलांना अधिक असतो, हे लक्षात घेता ही माहिती खरी देणे सुरक्षिततेच्या दृष्टीने अत्यावश्यक ठरते.

लंगडी, स्टॅच्यू आणि तिळगूळ

नवख्यांना प्रथम शिकवतात ते पडणे, उठणे आणि थांबणे. दोन्ही स्कींची टोके जवळ आणून मागची बाजू फाकवली की वेग कमी होतो. हीच कृती पन्नास वेळा करणे कंटाळवाणे होते आणि कंटाळलेले शरीर चुका करते. येथे लहानपणीचे खेळ कामी येतात. एक स्की काढून ठेवून एकाच स्कीवर घसरणे हा स्कीइंगमधील रूढ सराव आहे. मराठी मुलींना तो लंगडी म्हणून लगेच समजेल. शिटी वाजताच जागीच थांबायचे, हा ‘स्टॅच्यू’चा खेळ थांबण्याचे तंत्र पक्के करतो. उतारावर ठेवलेले हातमोजे वाकून उचलत जाण्याची शर्यत गुडघे वाकवायला शिकवते. मात्र हे सारे खेळ सौम्य, मोकळ्या उतारावर आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच घ्यावेत. समोर, खालच्या बाजूला असलेल्या व्यक्तीचा मार्ग मोकळा ठेवण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची असते, हा आंतरराष्ट्रीय नियमही खेळातूनच अंगवळणी पडतो.

संध्याकाळचे कार्यक्रम हलके असावेत. दिवसभर राबलेल्या मांड्यांना ताण देणारे व्यायाम, गरम पाण्याने शेक आणि लवकर जेवण यांनंतर तासाभराचा कार्यक्रम पुरेसा होतो. मंगळागौरीचे खेळ सुचतील; परंतु गुळगुळीत फरशीवर, थकलेल्या गुडघ्यांनी फुगडी घालणे टाळलेले बरे. झिम्मा, गाणी, उखाणे, भेंड्या चालतील. शिबिर संक्रांत ते रथसप्तमीच्या काळात असेल तर हळदीकुंकवाचा बेतही जमतो. वाण म्हणून ओठांचे मलम, लोकरी मोजे किंवा सनस्क्रीन द्यावे. ताज्या बर्फावरून ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे परावर्तित होतात आणि दर हजार मीटर उंचीगणिक त्यांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. असे वाण तेथे दुसऱ्याच सकाळी उपयोगी पडते. मात्र हळदीकुंकवातून विधवा, घटस्फोटित किंवा अविवाहित महिलांना वगळण्याची जुनी रीत अशा शिबिरात शिरता कामा नये. एकटीने घराबाहेर पडण्याचे धैर्य करून आलेल्या स्त्रीला पहिल्याच संध्याकाळी बाजूला बसावे लागले, तर त्या शिबिराचा हेतूच हरवतो.

स्थानिकांशी गाठभेट हाही उत्तम उपक्रम. कहवा कसा करतात, फेरन कसा शिवतात, कांगडीची ऊब कशी राखतात, हे तेथील महिलांकडून शिकता येते. त्यांच्या वेळेचे आणि श्रमाचे मोल मात्र ठरवून दिले पाहिजे.

बर्फच नसेल तर?

हा प्रश्न आता गंभीर झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे होणारा खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा टप्पा अपुऱ्या बर्फामुळे लांबणीवर टाकून मार्चमध्ये घ्यावा लागला. उत्तराखंडातील औलीलाही बर्फटंचाईचा फटका बसला आहे. शिवाय जोशीमठात जमीन खचल्यामुळे तेथील रोपवे जानेवारी २०२३ मध्ये बंद करण्यात आला. त्यामुळे बर्फाविना दोन दिवस काढावे लागतील, असे गृहीत धरूनच कार्यक्रम आखावा. देवदारांच्या वनातील पदभ्रमण, तोल सांभाळण्याचे व्यायाम, स्कीला मेण लावण्याची कार्यशाळा, प्रथमोपचाराचा वर्ग हे पर्याय हाताशी असावेत. पर्यायी कार्यक्रम नसला की निराश गट गोंडोलाने थेट वरच्या उतारांवर जाण्याचा हट्ट धरतो. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा सुमारे चार हजार मीटरपर्यंत जातो आणि तेथील उतार नवख्यांसाठी नाहीत. १ फेब्रुवारी २०२३ रोजी याच अफरवत पर्वतावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा मृत्यू झाला होता.

सुरक्षिततेचा दुसरा पैलूही नजरेआड करता येत नाही. २२ एप्रिल २०२५ रोजीच्या पहलगाम हल्ल्यात महाराष्ट्रातील सहा पर्यटकांचा बळी गेला. प्रवास ठरवण्यापूर्वी प्रशासनाच्या ताज्या सूचना पाहणे, पैसे परत मिळण्याच्या अटी लेखी घेणे आणि विम्यात साहसी खेळांचा समावेश आहे की नाही, हे तपासणे गरजेचे आहे. प्रशिक्षणासाठी गुलमर्ग येथील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था यांसारख्या सरकारी संस्थांकडे प्रथम चौकशी करावी. केवळ महिलांची तुकडी, महिला प्रशिक्षक, उतारालगत स्वच्छ प्रसाधनगृह, मासिक पाळीच्या दिवसांत विश्रांतीची मुभा या गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. त्या मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

नाही म्हणण्याची मुभा

वेळापत्रक आखताना तिसऱ्या दिवसाची दुपार मोकळी ठेवावी. तोवर पाय थकलेले असतात आणि ‘एकच शेवटची फेरी’ हीच अनेकदा महागात पडते. कोणत्याही खेळातून किंवा फेरीतून माघार घेण्याचा हक्क प्रत्येकीला असावा आणि त्याचे कारण विचारले जाऊ नये. घरच्या साऱ्यांची सोय लावून, रजा जुळवून, साठवलेले पैसे खर्चून आलेल्या महिलेवर सारे काही करून पाहण्याचे दडपण असतेच; आयोजकांनी त्यात भर घालू नये.

सहा दिवसांत कोणी पट्टीची स्कीपटू होत नाही. सौम्य उतारावर स्वतःच्या बळावर वळता आले, हवे तेथे थांबता आले आणि गुडघे शाबूत ठेवून घरी परतता आले, तर नवख्या महिलेने पुरेसे मिळवले असे समजावे. पुढच्या हिवाळ्याच्या दोन महिने आधी ती पुन्हा कर्नाळ्याच्या वाटेवर दिसली, तर शिबिराचे नियोजन योग्य होते याची ती सर्वांत विश्वासार्ह पावती ठरेल.