गुणवत्तेचा प्रश्न आणि पहिले हजार दिवस

महाविद्यालयात शिकवू लागल्यापासून एक वाक्य मी वारंवार ऐकत आलो आहे : ‘सवलती द्या हो, पण मुळात असावं लागतं.’ बोलणारा दरवेळी दुष्टच असतो असे नाही. पण त्या ‘मुळात’ या एका शब्दात जन्मसिद्ध श्रेष्ठत्वाचा सारा जुना युक्तिवाद दडलेला असतो. आपले कार्यकर्ते त्याला इतिहासाचे उत्तर देतात आणि ते योग्यच आहे. परंतु हे ‘मूळ’ म्हणजे काय, ते केव्हा आणि कशाने घडते, याचे उत्तर आज शरीरशास्त्रानेही दिलेले आहे. चळवळीने ते समजून घेतले पाहिजे, असे मला वाटते.

गर्भधारणेपासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंत सुमारे एक हजार दिवस होतात. जन्मतः बाळाच्या मेंदूचे वजन प्रौढाच्या मेंदूच्या साधारण पाव असते. दोन वर्षांत ते जवळजवळ पाऊण होते. मेंदूतील पेशींची एकमेकींशी जोडणी या काळात जितक्या वेगाने होते तितक्या वेगाने पुन्हा कधीच होत नाही. या बांधकामाला सामान लागते. गर्भारपणी आईच्या रक्तात लोह नसेल, तिला विश्रांती नसेल, तर बाळ अडीच किलोच्या आतले जन्मण्याचा धोका वाढतो. पुढे घाणेरड्या पाण्याने वरचेवर जुलाब झाले तर पोटात गेलेले अन्नही अंगी लागत नाही. मग मूल वयाच्या मानाने खुजे राहते. उंची हा केवळ हाडांचा प्रश्न नाही. ज्या कारणांनी उंची खुंटते त्याच कारणांनी मेंदूची वाढही मागे पडते.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध आणि त्यानंतर दुधासोबत मऊ, दाट अन्न, हा आता सर्वमान्य सल्ला आहे. बाळाचे पोट लहान. त्याला थोडे थोडे, पण दिवसातून अनेकदा भरवावे लागते. आता ऊसतोडीच्या फडावर चला. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. उचल आधीच घेतलेली. बाई पहाटे अंधारात कोपी सोडते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, गाडी भरून झाल्यावरच परतते. बाळंतपणासाठी थांबली तर तो ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. कोपीत भाकरी असली तरी ती कुस्करून पाच वेळा भरवायला हात कुठून आणायचा? म्हणजे कुपोषण हे अन्नाच्या अभावाइतकेच आईच्या हिरावलेल्या वेळाचे नाव आहे. ‘आया अडाणी आहेत’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील 35.5 टक्के मुले खुजी आढळली. अनुसूचित जातींत हे प्रमाण सुमारे 39, तर अनुसूचित जमातींत सुमारे 41 टक्के होते. हा फरक केवळ गरिबीचा आहे काय? अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन या अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. जेथे अस्पृश्यता पाळण्याचे प्रमाण अधिक, तेथे सवर्ण आणि दलित-आदिवासी मुलांच्या उंचीतील अंतरही अधिक, असे त्यांना दिसले. पाणवठ्यावरचा विटाळ मुलाच्या हाडात उतरतो, असाच याचा अर्थ.

पण बाळ केवळ अन्नावर वाढत नाही. त्याने हुंकार दिला की कुणीतरी ‘ओ’ द्यावी लागते. त्याने बोट दाखवले की त्या वस्तूचे नाव सांगावे लागते. या देवाणघेवाणीतून भाषा आणि लक्ष देण्याची शक्ती घडते. भूक, भीती, एकटेपणा यांचा ताण शरीरात दीर्घकाळ साचत राहिला तर तो वाढीला मारक ठरतो. विश्वासाचे माणूस जवळ असेल तर तोच ताण ओसरतो. माझ्या बाबतीत असे माणूस होते माझी थोरली बहीण. माय-बाप फडात असताना अक्का मला काखेत घेऊन फिरे, काऊ-चिऊ दाखवी, ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी करून देई. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. माझ्यासाठी तिची शाळा चौथीत सुटली. आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला तेव्हा ती मागे उभी होती. संगोपन फुकट होत नसते. व्यवस्थेने ते नाकारले की त्याची किंमत घरातली एखादी मुलगी मोजते.

अक्काने अजाणता जे केले तेच जमैकात जाणीवपूर्वक करून पाहिले गेले. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांचा हा देश. तेथील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील, 9 ते 24 महिन्यांच्या 129 खुज्या मुलांवर सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी 1986-87 मध्ये प्रयोग सुरू केला. काही मुलांना आठवड्याला एक किलो दूधभुकटी दिली, काहींच्या घरी आठवड्यातून एक तास आरोग्यसेविका जाई, काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. या सेविका घरातल्या टाकाऊ वस्तूंची खेळणी करीत आणि मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला दाखवीत. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा या खेळ-संवादाचा लाभ मिळालेल्यांची मिळकत तो न मिळालेल्यांपेक्षा सरासरी सुमारे 25 टक्क्यांनी अधिक होती. नुसत्या दुधाचा परिणाम मात्र इतका टिकला नव्हता. ‘मुळात’ नसते म्हणतात ते दर आठवड्याच्या एका तासाने आले कोठून?

एक धोकाही सांगितला पाहिजे. ‘दोन वर्षांत मेंदू घडला, आता काय उपयोग’ असा उलटा अर्थ काढून हेच शास्त्र आपल्या मुलांविरुद्ध वापरले जाईल. ते खोटे आहे. ही मुले वर्ष-दीड वर्षाची, आधीच खुंटलेली होती, तरी सावरली. शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांची गरज याने तसूभरही कमी होत नाही.

बाबासाहेबांना हा प्रश्न दिसला होता. मुंबईच्या गिरण्यांतील आया तान्ह्यांना अफूच्या बाळागोळ्या देऊन कामावर जात, तो काळ. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. 1929 साली कायदा झाला. 1961 च्या केंद्रीय कायद्यातील रजा 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवडे झाली. पण फडावरच्या बाईला अजून खाडाच आहे. 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची अंगणवाडी गावात राहते आणि मूल सहा महिने कोपीत. शिवाय अंगणवाडीत बसवून शिकवतात ते तीन वर्षांपुढच्या मुलांना. पहिल्या हजार दिवसांत मूल सांभाळणारे कुणी नसतेच. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यात, कामावर पाच लहान मुले असली तर एका बाईने त्यांना सांभाळावे आणि तिला मजुरी मिळावी, अशी तरतूद होती. कल्पना नवी नाही. ती मागून घेण्याची ताकद कमी पडली.

म्हणून आपल्या मागणीपत्रकात वसतिगृहाच्या वर आणखी एक कलम लिहिले पाहिजे : प्रत्येक फडावर, वीटभट्टीवर आणि वस्तीत पगारी बाईचे पाळणाघर, आणि कष्टकरी बाईला भरपगारी बाळंतरजा. नोकरीतल्या राखीव जागेसाठी आपण लढलो. तिथपर्यंत पोचणारे मूल पाळण्यातच अडवले जात असेल, तर लढाई तिथूनच सुरू झाली पाहिजे, आणि ती कोणा अक्काच्या शाळेवर पाय देऊन नव्हे.