नोकरी गेली आणि पीएफचा क्लेम अडकला? नेमकं कुठे अडकतं आणि कसं सोडवायचं

नोकरी सुटली की पहिल्या महिन्यात फार काही जाणवत नाही. शेवटचा पगार हातात असतो. खरी ओढाताण दुसऱ्या महिन्यात सुरू होते, कारण रूमचं भाडं, ईएमआय आणि घरी पाठवायचे पैसे थांबत नाहीत. मग आठवण येते ती पीएफची. मोबाईलवर लॉगिन करून क्लेम टाकतो आणि काही दिवसांनी स्टेटस दिसतं : 'रिजेक्टेड'.

अशा वेळी बरेच जण तोच फॉर्म पुन्हा भरतात, किंवा 'आम्ही काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटला पैसे देतात. दोन्ही करू नका. क्लेम अडकण्याची कारणं मोजकीच असतात आणि बहुतेक सगळी फोनवरूनच दुरुस्त करता येतात.

आधी समजून घ्या : पैसे दोन ठिकाणी असू शकतात

पीएफ ही तुमचीच बचत आहे. बेरोजगारी भत्ता वेगळा, आणि तो ईएसआयसीकडे आहे. पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि स्लिपवर ईएसआयची 0.75 टक्के कपात दिसत असेल, तर 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' बघा. 2018 मध्ये ती सुरू झाली. यात सरासरी रोजच्या वेतनाच्या 50 टक्के रक्कम जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी मिळते, तीही आयुष्यात एकदाच. 18,000 पगार असेल तर ढोबळमानाने 26 ते 27 हजार रुपये होतात.

अट अशी, की किमान दोन वर्षं विमा असलेली नोकरी हवी. नोकरी जाण्याआधीच्या लगेचच्या सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान 78 दिवसांचं अंशदान हवं, आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी एकातही तेवढंच हवं. गैरवर्तनामुळे काढलं असेल तर हा लाभ मिळत नाही. नोकरी गेल्यापासून 30 दिवसांनी अर्ज करता येतो, कंपनीमार्फत पाठवायची गरज नाही. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्जाआधी ईएसआयसीच्या पोर्टलवर तपासा. टोल-फ्री नंबर 1800-11-2526.

आता पीएफकडे वळू, कारण जास्त लोक तिथेच अडकतात.

क्लेम टाकल्यावर आत काय होतं?

सिस्टीमला तुमची अडचण कळत नाही, तिला फक्त रेकॉर्ड दिसतं. यूएएनमधली माहिती, आधार, पॅन, बँक खातं आणि कंपनीने भरलेल्या तारखा एकमेकांशी जुळतात का, एवढंच ती बघते. एक गोष्ट जुळली नाही तरी क्लेम परत येतो. म्हणून रिजेक्शनचा मेसेज शब्द न् शब्द वाचा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

अडचण 1 : नोकरी सोडल्याची तारीखच नाही

कंपनीने 'डेट ऑफ एक्झिट' भरली नसेल, तर सिस्टीमच्या दृष्टीने तुम्ही अजून नोकरीतच आहात. एचआर फोन उचलत नसेल तरी मार्ग आहे. शेवटचं अंशदान जमा झाल्यापासून दोन महिने झाले की यूएएन पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट' निवडून, आधार ओटीपी वापरून तारीख स्वतः टाकता येते. तारीख शेवटचं अंशदान ज्या महिन्याचं आहे त्याच महिन्यातली हवी. ती घाईत टाकू नका, आधी पासबुक उघडून तो महिना बघा.

अडचण 2 : नाव जुळत नाही

आपल्याकडे हे हमखास होतं. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम असतो, तर कंपनीने आडनाव आधी टाकलेलं असतं. कुठे वडिलांच्या नावापुढे 'राव' लागतं, कुठे नाही. 'विठ्ठल'मध्ये इंग्रजी 'टी' एक की दोन, यावरही गाडी अडते. लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव आणि यूएएनमध्ये माहेरचं, ही तर घरोघरची गोष्ट.

जानेवारी 2025 पासून ही दुरुस्ती सोपी झाली आहे. यूएएन 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा आणि आधारशी पडताळलेला असेल, तर नाव, जन्मतारीख, आई-वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, नोकरीच्या तारखा अशा बऱ्याच गोष्टी कागदपत्रं न जोडता स्वतःच बदलता येतात. यूएएन त्याआधीचा असेल तर 'जॉइंट डिक्लरेशन' भरावं लागतं. मात्र आधी आधार आणि पॅन एकमेकांशी जुळवा, मगच यूएएनला हात लावा. उलट क्रमाने गेलात तर तेच काम दोनदा करावं लागेल.

अडचण 3 : 'सेटल्ड' दिसतं, पण खात्यात पैसे नाहीत

हा बहुधा बँकेचा घोळ असतो. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात, तर आंध्रा बँक आणि कॉर्पोरेशन बँक 2020 मध्ये युनियन बँकेत विलीन झाल्या. अशा खात्यांचे आयएफएससी कोड बदलले. यूएएनमध्ये जुना कोड राहिला असेल तर पैसे परत जातात. कंपनीने उघडून दिलेलं सॅलरी खातं बंद पडलं असेल तरी तेच. एकट्याच्या नावाचं, चालू व्यवहार असलेलं खातं जोडा. एप्रिल 2025 पासून खातं जोडायला कंपनीची मंजुरी लागत नाही आणि क्लेमसोबत चेकचा फोटोही अपलोड करावा लागत नाही.

अडचण 4 : जुन्या कंपनीचा पीएफ वेगळाच पडून आहे

तीन नोकऱ्या केल्या असतील तर तीन मेंबर आयडी असू शकतात. आधी जुने पैसे सध्याच्या आयडीत ट्रान्सफर करा. याचा करातही फायदा आहे. एकूण नोकरी पाच वर्षांपेक्षा कमी आणि रक्कम 50,000 किंवा जास्त असेल, तर पॅन असूनही 10 टक्के टीडीएस कापला जातो. ट्रान्सफर केल्यावर जुनी नोकरीही त्या पाच वर्षांत मोजली जाते.

अडचण 5 : पगारातून कापलं, पण जमाच केलं नाही

कंपनीने दर महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. पासबुकमध्ये महिने गायब असतील तर ती तुमची चूक नाही. त्या महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंट जोडून तक्रार करा.

किती काढता येतं?

2018 पासूनचा नियम असा, की बेरोजगारीच्या एका महिन्यानंतर 75 टक्के आणि दोन महिन्यांनंतर उरलेले. 13 ऑक्टोबर 2025 रोजी पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने यात बदल ठरवला : 75 टक्के लगेच, पूर्ण रक्कम मात्र 12 महिन्यांनी. त्यामुळे क्लेम टाकण्याच्या दिवशी पोर्टलवर कोणता नियम लागू आहे ते बघा आणि त्यानुसारच खर्चाचं गणित मांडा. मित्राला मागच्या वर्षी पूर्ण पैसे मिळाले म्हणून तुम्हालाही तसेच मिळतील, असं धरून चालू नका.

20 दिवस झाले, तरी हालचाल नाही?

1952 च्या पीएफ योजनेनुसार, सगळी कागदपत्रं पूर्ण असलेला क्लेम 20 दिवसांत निकाली काढायचा असतो. सबळ कारणाशिवाय उशीर झाला तर वार्षिक 12 टक्के दराने दंडात्मक व्याजाची तरतूद आहे, आणि ते आयुक्तांच्या पगारातून कापता येतं. हे माहीत असलं की तक्रार लिहिताना हात थरथरत नाही.

तक्रार 'ईपीएफआयजीएमएस' पोर्टलवर करा. रागाने पानभर लिहू नका. एवढं पुरे :

'माझा क्लेम आयडी अमुक, दाखल केल्याची तारीख अमुक. 20 दिवस उलटले आहेत. केवायसी पूर्ण आहे, स्क्रीनशॉट जोडला आहे. क्लेम निकाली काढावा किंवा प्रलंबित असण्याचं नेमकं कारण कळवावं.'

'नेमकं कारण' हे शब्द ठेवाच, नाहीतर 'कार्यवाही सुरू आहे' असं गुळमुळीत उत्तर येतं. तक्रार काही न करता बंद झाली तर केंद्राच्या 'सीपीग्राम्स' पोर्टलवर जा. हेल्पलाइन 14470 आहे. शिवाय दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर असतं. तिथे सगळे कागद घेऊन समोरासमोर बोलता येतं.

दोन सावधगिऱ्या

पीएफ ऑफिसातून बोलतोय म्हणत कोणी ओटीपी मागितला तर फोन ठेवा. ऑफिस ओटीपी मागत नाही. आणि क्लेम लवकर पास करून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला यूएएनचा पासवर्ड देऊ नका.

अजून नोकरीत आहात? मग आजच दहा मिनिटं काढा

- आधारला जोडलेला मोबाईल नंबर तुमचा स्वतःचा आहे ना, ते बघा. कंपनीचं सिम परत केलंत की ओटीपीही गेला.
- यूएएनमध्ये कंपनीचा ईमेल असेल तर स्वतःचा टाका.
- आधार, पॅन आणि बँक, तिन्हींसमोर 'व्हेरिफाइड' दिसतं का ते तपासा.
- पासबुक डाउनलोड करून गायब महिने शोधा.
- सॅलरी स्लिप आणि रिलीव्हिंग लेटर स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवा. ऑफिसचा लॅपटॉप शेवटच्या दिवशी दुपारीच बंद होऊ शकतो.

नोकरी कधी जाईल ते आपल्या हातात नसतं. ही पाच कामं मात्र आहेत, आणि ती नोकरी असतानाच सगळ्यात सोपी पडतात.