बीकन नावेत नको, अंगावर हवा

फेब्रुवारी २००७. ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू मॅकॉली कयाकमधून एकट्याने टास्मान समुद्र ओलांडत होता. जवळजवळ महिनाभर वल्ही मारल्यावर न्यूझीलंडचा किनारा जवळ आला, आणि ९ तारखेला रेडिओवर त्याची मदतीसाठीची तुटक हाक ऐकू आली. दुसऱ्या दिवशी कयाक सापडली. मॅकॉली सापडला नाही. नाव आणि नावाडी यांची ताटातूट व्हायला एक लाट पुरते.

पर्सनल लोकेटर बीकन, म्हणजे पीएलबी, हे मुठीत मावणारे यंत्र अशा वेळेसाठीच असते. अँटेना उभारून बटण दाबले की ते ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवू लागते. त्याला मोबाइलची रेंज लागत नाही. कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेचे उपग्रह तो संदेश टिपतात आणि बचाव पथकापर्यंत पोहोचवतात. बॅटरी किमान २४ तास चालते. यंत्राची नोंदणी आधी केलेली असावी, म्हणजे कोण संकटात आहे ते लगेच कळते. भारतात ही नोंदणी इस्रोच्या बंगळूरु येथील केंद्रात होते.

पण बरेच जण बीकन कयाकच्या मागच्या कप्प्यात नीट गुंडाळून ठेवतात. जपून ठेवलेली वस्तू वेळेला हाती लागत नाही, हा अनुभव घराघरातला आहे; समुद्रात तो जिवावर बेततो.

अतिथंड पाण्यात पडल्यावर पहिले मिनिट धाप लागते, ती आवरत नाही. नंतर हात चालतात ते जेमतेम दहा मिनिटे. हृदय-मेंदूची ऊब राखण्यासाठी शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आखडते, बोटांच्या नसा आणि स्नायू मंदावतात. लाइफ जॅकेट असेल तर बेशुद्धी यायला तासभर लागू शकतो. म्हणजे माणूस शुद्धीवर असतो, काय करायचे ते त्याला ठाऊक असते, पण बोटांना झाकण उघडत नाही. कोकणात पाणी एवढे थंड नसते. नाव मात्र तिथेही तशीच वाहून जाते.

म्हणून बीकन लाइफ जॅकेटलाच दोरीने बांधलेला हवा, कारण सगळे बीकन तरंगत नाहीत. अँटेना पाण्याबाहेर, आभाळाकडे धरायची. खाऱ्या पाण्यातून हा संदेश जात नाही. यंत्र काढून अँटेना उभारण्याची हालचाल हातमोजे घालून, एका हाताने करून पाहावी. बटण मात्र खऱ्या संकटातच दाबायचे.

बाहेर काढलेल्या माणसाला आडवेच ठेवावे, लगेच उभे करू नये. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळावे. हातपाय चोळू नयेत, आणि ब्रँडी तर नकोच.