प्रार्थना आणि प्रयत्न

प्रास्ताविक

संकटात सापडलेला माणूस देवाचा धावा करतो. पीक बुडाले, घरात आजारपण आले, जवळचे माणूस गेले की हात आपोआप जोडले जातात. मात्र याच वेळी विचारी मनात एक शंका उभी राहते. जे घडते ते सारे ईश्वराच्या इच्छेनेच घडत असेल, तर प्रार्थना कशासाठी करायची? आणि सर्व काही कष्टांवरच अवलंबून असेल, तर देवाकडे मागायचे तरी काय? हा प्रश्न फार जुना आहे. तमिळनाडूतील तंजावर येथे भोसले घराण्याने सुमारे १८० वर्षे राज्य केले. त्या राज्याच्या इतिहासात या प्रश्नाची जी उत्तरे आढळतात, त्यांचा परिचय या पाठातून होईल. दूर देशातील एका ज्यू तत्त्वज्ञाचा विचारही त्यांच्याशी पडताळून पाहता येईल.

व्यंकोजीराजांचे वैराग्य

तंजावरच्या मराठी राज्याची स्थापना शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास केली. दुसऱ्याच वर्षी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर दक्षिणेत उतरले आणि त्यांनी वडिलांच्या दौलतीतील वाटा मागितला. दोघा भावांची भेट झाली, पण बोलणे फिसकटले. पुढे लढाई झाली व तीत व्यंकोजीराजांच्या फौजेचा पराभव झाला. अखेर तह झाला, तरी व्यंकोजीराजांचे मन मात्र उभारी धरीना. राज्यकारभारातून त्यांचे लक्ष उडाले. खाणेपिणे, सणसमारंभ, फौजेची देखरेख या सर्वांकडे त्यांनी पाठ फिरवली.

रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून हे वर्तमान शिवाजी महाराजांना कळले. तेव्हा त्यांनी भावाला एक पत्र लिहिले. शहाजीराजांनी कोणकोणते कठीण प्रसंग सोसून दौलत उभी केली, याचे स्मरण त्यांनी त्यात करून दिले. वैराग्याला पुढे वृद्धापकाळ आहेच. आताचे दिवस पराक्रमाचे आहेत, हाती असलेल्या माणसांना रिकामे बसवू नये, असा त्या पत्राचा आशय आहे. जिंकलेल्या भावाने हरलेल्या भावाला लिहिलेले हे पत्र आहे. विजयाची फुशारकी त्यात नाही. भाऊ पुन्हा कामाला लागावा ही तळमळ आहे.

व्यंकोजीराजांची अवस्था ही केवळ एका राजाची नव्हे. अपयश आले की ‘देवाच्या मनातच नव्हते’ असे म्हणून माणूस हातपाय गाळतो. अशा वेळी वैराग्य कोणते आणि खचलेपण कोणते, हे ओळखणे अवघड असते.

समर्थांची शिकवण

याच काळात समर्थ रामदासांचा संप्रदाय तंजावर प्रांतात रुजला. समर्थांचे शिष्य भीमस्वामी यांचा मठ तंजावरला होता, तर अनंतमौनी यांचे वास्तव्य मन्नारगुडीला होते. सज्जनगडावरील राममूर्ती तंजावरच्या कारागिराने घडवल्या, असे परंपरा सांगते. तमिळ मुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या मठांतून कीर्तन, निरूपण आणि मराठी ग्रंथांचा सहवास मिळत राहिला.

समर्थांच्या वाङ्मयात प्रार्थनेची दोन रूपे दिसतात. ‘करुणाष्टकां’त भक्त व्याकुळ होऊन रामाला हाक मारतो; आपले दोष उघडपणे मांडतो. ‘दासबोधा’त मात्र समर्थ आळसावर कठोर टीका करतात, प्रपंच नेटका करण्यास सांगतात आणि प्रयत्नाला थेट देवाचे स्थान देतात. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात तसे नाही. प्रार्थनेत माणूस आपला अहंकार खाली ठेवतो आणि अहंकार गेला की प्रयत्नाला विवेकाची जोड मिळते. फळ ईश्वराधीन आहे, म्हणून अपयशाने खचायचे नाही. प्रयत्न आपल्या हाती आहे, म्हणून तो सोडायचा नाही.

एका ज्यू तत्त्वज्ञाचे उत्तर

समर्थांच्या सुमारे साडेचारशे वर्षे आधी हाच प्रश्न मोझेस मायमोनिडीस या ज्यू तत्त्वज्ञाने हाताळला होता. त्याचा जन्म बाराव्या शतकात स्पेनमधील कॉर्डोबा येथे झाला आणि १२०४ मध्ये इजिप्तमध्ये तो निवर्तला. व्यापारासाठी निघालेला त्याचा धाकटा भाऊ हिंदी महासागरात बुडून मरण पावला. या आघाताने मायमोनिडीस सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळला होता. पुढे त्याने वैद्यकीला वाहून घेतले आणि इजिप्तच्या दरबारात तो वैद्य झाला.

ज्यू धर्मात दररोज सकाळ, दुपार आणि सायंकाळ अशी तीन वेळा प्रार्थना करण्याची रीत आहे. तिला ‘हृदयाची सेवा’ म्हटले जाते. मन एकाग्र नसेल तर ओठांनी उच्चारलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, असे मायमोनिडीसने बजावले. ईश्वरी कृपेविषयी त्याचे मत विचार करण्याजोगे आहे. ईश्वराचे लक्ष सर्व माणसांवर सारखे पडते असे तो मानत नाही. माणूस ज्या प्रमाणात आपली बुद्धी ईश्वराच्या ज्ञानाकडे वळवतो, त्या प्रमाणात तो ईश्वराच्या छत्राखाली येतो, असे तो म्हणतो. म्हणजेच प्रार्थनेमुळे बदल घडतो तो देवात नव्हे, तर प्रार्थना करणाऱ्यात. मात्र असे ज्ञान झालेल्या माणसाने जगापासून दूर राहावे, असे तो म्हणत नाही. ईश्वराची दया, न्याय आणि नीती त्याच्या आचरणात उतरली पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे.

ज्यू धर्म मराठी भाषेला परका नाही. कोकणातील बेने इस्राएल समाज शेकडो वर्षे मराठी बोलत आला आहे. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी विश्रांती पाळणारे हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. या समाजातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे इंग्रजांच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केला होता, असे परंपरा सांगते. सुटून आल्यावर १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत सिनेगॉग बांधले. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ ‘दयेचे द्वार’ असा आहे. कैदेतील प्रार्थना अशा रीतीने साऱ्या समाजाच्या उपयोगी पडली.

सरफोजीराजांची छत्रे

त्याच म्हैसूर युद्धात, १७८१ मध्ये, हैदर अलीच्या फौजेने तंजावरचा सुपीक प्रदेश उद्ध्वस्त केला. या पडझडीनंतर १७९८ मध्ये दुसरे सरफोजीराजे गादीवर आले. पुढच्याच वर्षी इंग्रजांशी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा एक हिस्सा एवढेच उरले. व्यंकोजीराजे लढाई हरले होते. सरफोजीराजांच्या हातून तर सत्ताच गेली होती. खचून जाण्यास याहून मोठे कारण कोणते असणार?

सरफोजीराजे शिवभक्त होते. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. त्यांचे गुरू श्वार्ट्झ हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्यांच्याविषयीचा आदरही राजांनी अखेरपर्यंत जपला. सत्ता गेल्यावर उरलेले सामर्थ्य त्यांनी विद्या आणि सेवा यांकडे वळवले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले, नेत्ररुग्णांच्या उपचारांच्या सचित्र नोंदी ठेवविल्या आणि रामेश्वरच्या वाटेवरील छत्रे चालू ठेवली. छत्र म्हणजे यात्रेकरूंसाठी असलेली धर्मशाळा व अन्नछत्र.

छत्रांच्या उत्पन्नाला धक्का लागू नये म्हणून राजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिले. छत्रांत कोणती कामे चालतात, ते त्यात नमूद आहे. जातीचा भेद न करता सर्व प्रवाशांना अन्न मिळे. आजाऱ्याला औषधोपचार, तान्ह्या मुलांना दूध आणि वाटेत मृत्यू आलेल्याला त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार, अशी व्यवस्था होती. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असल्यास जेवावयास यावे, अशी हाक दिली जाई.

उपाशी वाटसरूने देवाकडे अन्न मागितले असेल, तर त्याला उत्तर मिळाले ते या घंटेच्या रूपाने. पण त्यासाठी कोणीतरी तांदूळ साठवले होते, चूल पेटवली होती आणि मध्यरात्रीपर्यंत कोणीतरी जागे राहिले होते. ईश्वराची कृपा माणसांच्या हातांनी पोहोचते, असे म्हणता येते ते यामुळेच. जो स्वतःसाठी हात जोडतो, त्याने दुसऱ्याच्या हाकेला ओ देण्यास तयार असावे. प्रार्थना आणि प्रयत्न यांचा मेळ तेथे बसतो.

शब्दार्थ

धावा करणे – कळवळून हाक मारणे
हातपाय गाळणे – धीर सोडणे
निरूपण – विषय समजावून सांगणे
नेमणूक – ठरवून दिलेली वार्षिक रक्कम
निवर्तणे – मरण पावणे

स्वाध्याय

१. शिवाजी महाराजांनी व्यंकोजीराजांना पत्र का लिहिले? त्याचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
२. ‘करुणाष्टके’ आणि ‘दासबोध’ यांतील शिकवण परस्परपूरक कशी आहे, ते स्पष्ट करा.
३. प्रार्थनेमुळे कोणात बदल घडतो, असे मायमोनिडीसचे मत आहे?
४. तुमच्या गावात किंवा वस्तीत वाटसरूंसाठी, रुग्णांसाठी चालणाऱ्या एखाद्या सेवाकार्याची माहिती मिळवा व आठ-दहा ओळींत लिहा.