घर आणि उन्हाचा बंदोबस्त

फ्रीज किंवा एसी विकत घेताना त्यावरचे तारे मोजून पाहण्याची सवय आता आपल्या कुटुंबांच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. परंतु ही यंत्रे ज्या घरात वर्षानुवर्षे राबणार, त्या घराचीही अशीच प्रतवारी करता येते, किंबहुना ती आधी केली पाहिजे, हा विचार मात्र अद्याप फारसा रुजलेला नाही. संसदेने २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा संमत केला, त्याच्या अंमलबजावणीसाठी १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्युरो अस्तित्वात आला, २००६ पासून उपकरणांवर तारे दिसू लागले आणि डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध झाली. पुढे घरांनाही एक ते पाच ताऱ्यांचे मानांकन देण्याची योजना आली.

या संहितेचा पहिला भाग आपली दृष्टी यंत्रांकडे न वळवता प्रथम इमारतीच्या अंगाकडे, म्हणजे भिंती, खिडक्या आणि छप्पर यांकडे वळवतो, आणि यातच तिचे शहाणपण आहे. थंड हवामानाचा प्रदेश वगळता इतरत्र भिंती व खिडक्या यांतून आत येणारी उष्णता सरासरीने दर चौरस मीटरला १५ वॅटांपेक्षा अधिक नसावी, आणि छपरातून दर चौरस मीटरला, तापमानातील दर अंशाच्या फरकामागे, १.२ वॅटांहून अधिक उष्णता वाहू नये, असा तिचा दंडक आहे. आपल्या नेहमीच्या उघड्या काँक्रीटच्या स्लॅबमधून याच्या अडीच ते तीन पट उष्णता आत उतरते, हे ध्यानात घेतले म्हणजे वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडे वैशाखात मध्यरात्रीपर्यंत का तळमळतात, याचा उलगडा होतो. कारण दिवसभर तापलेला स्लॅब साठवलेली उष्णता सूर्यास्तानंतरही तासन्‌तास खाली सोडत राहतो. खानदेशातील धाब्याच्या घराने छपरावर मातीचा जाड थर देऊन आणि कोकणातील कौलारू घराने खोल पडवीच्या सावलीत भिंती ठेवून याच शत्रूचा बंदोबस्त केला होता.

म्हणून ज्यांना आपल्या राहत्या घराची प्रत सुधारायची आहे, त्यांनी आरंभ छपरापासून करावा. गच्चीवर उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप किंवा चायना मोझेकचा पांढरा थर दिला, तर बरेचसे ऊन स्लॅबमध्ये शिरण्याआधीच परत फिरते. त्याखाली उष्णतारोधक थर घालता आला, तर उत्तमच. त्यानंतर पश्चिमेच्या खिडक्यांकडे लक्ष द्यावे. आतला पडदा काचेतून शिरून चुकलेल्या उन्हाला अडवतो, तर बाहेरचा छज्जा, चिक किंवा झडप ते काचेवर पडूच देत नाही. त्यामुळे सावली बाहेरच असावी, हा नियम कधीही मोडू नये. उष्ण व दमट हवेच्या प्रदेशात, म्हणजे मुंबई-कोकणासारख्या ठिकाणी, उघडता येणाऱ्या भागाचे क्षेत्र घराच्या चटई क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावे, असे संहिता सांगते; १२० चौरस फुटांमागे हे २० चौरस फूट होतात, आणि दोन पल्ल्यांची सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते, याचा हिशेब नव्या घराचा नकाशा पाहतानाच करावा. भिंत नव्याने बांधायची असल्यास ज्यांच्या अंगात सूक्ष्म हवेचे कप्पे असतात, अशा हलक्या एएसी ब्लॉकची भिंत भरीव काँक्रीटपेक्षा उष्णता कितीतरी अधिक रोखते.

इमारतीच्या अंगाची अशी व्यवस्था लागल्यावरच यंत्रांचा विचार करावा. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅटांत तेवढेच वारे देतो. दिवसाचे दहा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे वर्षाला १६० हून अधिक युनिटांची बचत होते. एसी लागलाच, तर तो २४ अंशांवर ठेवावा. तापमान एका अंशाने वाढवले, तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरोचे सांगणे आहे, आणि १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होईल अशी तजवीज कायद्याने केली आहे. छपरावरील सौर पट्ट्यांची पाळी याच्याही नंतरची, कारण घराची गरज आधी कमी केली म्हणजे थोड्या पट्ट्यांत, थोड्या खर्चात काम भागते.

आपल्या गृहनिर्माण संस्थांना एक आग्रहाची विनंती आहे. गच्चीची गळती काढणे आणि बाहेरून रंग देणे ही कामे काही वर्षांनी करावीच लागतात, त्यांसाठी पहाडही उभारला जातो आणि मजुरीही द्यावीच लागते. त्याच वेळी पांढरा परावर्तक लेप आणि पश्चिमेचे छज्जे यांचा समावेश त्या कामात केला, तर वाढीव खर्च अल्प राहतो आणि लाभ प्रत्येक बिऱ्हाडाला मिळतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत दुरुस्तीचा ठराव येईल, तेव्हा हे कलम त्यात अवश्य घालून घ्यावे.